‘सर, स्विफ्टने ड्रिफ्ट होते का?’ गाडी आडवी करण्यामागचं शास्त्र, नाशिकच्या पालकांसाठी

नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. तो शिकवायला घेतला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, स्विफ्टने ड्रिफ्ट होते का?’ विचारणारा बहुतेक मागच्या बाकावरचा असतो आणि त्याच्या मोबाईलमध्ये दहा-वीस क्लिप आधीच साठवलेल्या असतात. कुणाचे मामू रियाधला, कुणाचे खालू दमामला. तिकडच्या रुंद रस्त्यांवर आडव्या सरकणाऱ्या कॅमरी गाड्यांचे व्हिडिओ इकडे वडाळा नाक्यापर्यंत रात्रीतून पोचतात.

घरात यावर एकच उत्तर मिळतं : ‘बंद कर ते.’ अब्बूंचा राग समजण्यासारखा आहे. पण मोबाईल बंद केल्याने डोक्यातला प्रश्न बंद होत नाही. पोरगा अर्धी माहिती क्लिपमधून घेतो, उरलेली अर्धी मित्राकडून, आणि एके दिवशी घरच्या गाडीची चावी घेऊन रिंग रोडवर जातो. म्हणून आम्ही ठरवलं, की हा विषय नीट, सांगोपांग मांडायचा. वळणात गाडी आडवी कशी घालतात, त्यासाठी गाडीत काय काय बदललेलं असतं, आणि ते सगळं घरच्या गाडीत नसताना नेमकं काय होतं. उत्तर आधीच सांगून टाकतो : स्विफ्टने ड्रिफ्ट होत नाही. का होत नाही, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

ड्रिफ्ट म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडीचं नाक वळणाच्या आतल्या बाजूला आणि पुढची चाकं मात्र उलट्या दिशेला वळलेली, आणि अशा आडव्या अवस्थेत गाडी थांबू न देता, गरगर फिरू न देता अख्खं वळण पार करायचं. एका जागी गोल गोल फिरवून धूर काढणं वेगळं. हँडब्रेक ओढून गाडी उलट्या तोंडाने उभी करणं, तेही वेगळं. पोरं तिन्हींना ‘ड्रिफ्ट मारली’ म्हणतात.

या खेळाचा जन्म जपानचा. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचे रेसर ट्रॅकवरच्या वळणात गाडी अशी घसरवत शिरायचे. त्यांचं बघून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तीच कला घोटली. पुढे तो ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून जगभर ओळखला गेला आणि व्यावसायिक रेसर झाला. २००१ मध्ये जपानात ‘डी-वन ग्रां प्री’ ही मालिका सुरू झाली, २००४ मध्ये अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’. गंमत म्हणजे या स्पर्धांमध्ये पहिला कोण पोचला हे बघतच नाहीत. परीक्षक बसलेले असतात. गाडीने ठरलेली रेषा धरली का, कोन किती ठेवला, हालचाल सलग होती की तुटक, यावर गुण. मग दोन गाड्या एकत्र सोडतात, पुढचीच्या दाराला जवळजवळ चिकटून मागची पाठलाग करते. म्हणजे हा खेळ वेगाचा कमी आणि ताब्याचा जास्त. रस्त्यावरच्या क्लिपमध्ये नेमका ताबाच नसतो, पण ते मोबाईलच्या पडद्यावर कळत नाही.

ईदीचे शंभर रुपये

टायरचं गणित आम्ही वर्गात ईदीवरून समजावतो. समजा प्रत्येक टायरला शंभर रुपये ईदी मिळाली. ही त्याची पकड. हे पैसे ब्रेक लावण्यात खर्च करा, वेग वाढवण्यात करा किंवा वळण्यात करा. पण एकूण शंभरच. ब्रेकवर ऐंशी उडवले तर वळायला थोडेच उरतात. सगळे शंभर ब्रेकवर गेले, म्हणजे चाक जाम झालं, तर वळायला काहीच उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरते. पुढच्या टायरांचे पैसे आधी संपले तर गाडीचं नाक वळणाबाहेर सरळ जातं. मागच्यांचे आधी संपले तर शेपूट बाहेर फेकली जाते. या दुसऱ्या प्रकाराला ओव्हरस्टिअर म्हणतात, आणि ड्रिफ्टची सुरुवात तिथून होते.

आता ही ईदी कायम शंभरच राहत नाही. ज्या टायरवर वजन जास्त, त्याची पकड जास्त. आणि वजन तर गाडीत सारखं इकडून तिकडे पळत असतं. ‘इनिशियल डी’ नावाच्या जपानी चित्रकथेतला पोरगा डोंगरात तोफू पोचवायला जातो, तेव्हा त्याचे वडील गाडीत पाण्याने भरलेला ग्लास ठेवतात आणि सांगतात, पाणी सांडता कामा नये. पोरांना ही गोष्ट ठाऊक असते, तिच्यातलं विज्ञान ठाऊक नसतं. ब्रेक दाबला की पाणी पुढच्या काठाकडे झेपावतं, तसंच गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात. एक्सिलरेटर दाबला की उलट. डावीकडे वळलात तर वजन उजवीकडच्या टायरांवर. वळणात शिरण्याच्या सगळ्या युक्त्या म्हणजे हे पाणी हवं तेव्हा, हवं तिकडे ढकलणं.

यातली सगळ्यात सुंदर युक्ती आमच्या मते ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’. फिनलंड-स्वीडनच्या रॅली ड्रायव्हरांनी बर्फावर आणि मातीवर ती वापरली, जपानी लोक तिला फेंट म्हणतात. डावं वळण येतंय असं धरा. ड्रायव्हर आधी गाडी चक्क उजवीकडे नेतो. वजन डाव्या टायरांवर जातं, डावीकडच्या स्प्रिंगा दबतात. मग एक्सिलरेटर सोडून, कधी ब्रेकला हलका स्पर्श करून, तो झटक्यात डावीकडे वळवतो. दबलेल्या स्प्रिंगा उसळतात आणि सगळं वजन उजवीकडे जातं. झोक्याला मागे ओढून सोडल्यावर तो पुढे जास्त जातो ना, तसं. पहिल्या हेलकाव्यापेक्षा दुसरा मोठा, आणि त्या हेलकाव्यात मागची चाकं पकड सोडतात. इथे इंजिनची ताकद फारशी लागत नाही. लागते ती मोकळी रुंदी, कारण वळणाआधी गाडी विरुद्ध बाजूला न्यायची आहे. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर ती विरुद्ध बाजू समोरून येणाऱ्या गाडीची असते.

‘क्लच किक’ ही कमी ताकदीच्या गाड्यांची युक्ती. त्सुचियाची आवडती टोयोटा एई-८६ फक्त १.६ लिटर इंजिनची, साधारण १३० अश्वशक्तीची. नुसता एक्सिलरेटर दाबून तिची मागची चाकं सुटणं अवघड. म्हणून वळणात शिरताना एक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून क्लच क्षणभर दाबायचा. इंजिन मोकळं होऊन वर चढतं. लगेच क्लच सोडला की ती सगळी फिरकी हातोड्याच्या घावासारखी मागच्या चाकांवर येते आणि टायर सुटतात. चालू ड्रिफ्टमध्ये शेपूट आत यायला लागली तरी हीच किक पुन्हा मारतात. घाव बसतो तो क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि एक्सल शाफ्टवरही. गॅरेजवाल्या कुठल्याही मिस्त्रींना विचारा, क्लच प्लेटचं काम म्हटलं की खर्च किती आणि गाडी किती दिवस खाली, ते बोटांवर मोजून सांगतील.

हँडब्रेक सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. तो सहसा फक्त मागची चाकं जाम करतो. वळणात गाडी शिरली की क्लच दाबून, हँडब्रेकचं बटण दाबलेलंच ठेवून, दांडा क्षणभर ओढायचा आणि सोडायचा. मागचे टायर शंभरच्या शंभर रुपये ब्रेकवर उडवतात, शेपूट बाहेर पडते. दांडा सोडल्यावर क्लच सोडून एक्सिलरेटरने मागच्या चाकांना ताकद द्यायची, तेव्हा कुठे ड्रिफ्ट पुढे चालू राहते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, स्विफ्टचं उत्तर त्यातच आहे.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. ब्रेक सोडत सोडत वळणात शिरायचं, म्हणजे वजन पुढेच राहतं आणि हलकी झालेली शेपूट सुटते. हा ब्रेकिंग ड्रिफ्ट. वेगात वळताना एक्सिलरेटर एकदम सोडला तरी तसंच होतं. इंजिन भरपूर ताकदीचं असेल तर वळणात नुसता एक्सिलरेटर दाबून चाकं सोडवता येतात. वरच्या गिअरमधून खालच्यात टाकून क्लच झटक्यात सोडला तर इंजिनच मागच्या चाकांना मागे खेचतं, पण त्यात इंजिनचे हाल.

आडवी केली, पुढे काय?

क्लिप बघणाऱ्याला वाटतं, गाडी आडवी झाली म्हणजे काम झालं. खरं तर दार उघडलं, एवढंच. शेपूट उजवीकडे गेली की स्टिअरिंग उजवीकडे वळवावं लागतं, यालाच काउंटर देणं म्हणतात. तयार ड्रायव्हर स्टिअरिंग हातातून जवळजवळ सोडून देतो. पुढच्या चाकांच्या बसणीमुळे ते आपोआप फिरतं, तो फक्त योग्य जागी पकडतो. नजर बोनेटवर नसते, बाजूच्या काचेतून वळणाच्या शेवटाकडे असते. एक्सिलरेटर जास्त झाला तर कोन वाढत जाऊन गाडी फिरते, कमी झाला तर मागच्या टायरांना पकड परत मिळते.

आणि ही परत मिळालेली पकड सगळ्यात घातक. घाबरून एक्सिलरेटर एकदम सोडला, स्टिअरिंग अजून उलट्या बाजूला वळलेलं आहे, आणि मागचे टायर अचानक चिकटले, तर गाडी पुढची चाकं जिकडे बघताहेत तिकडे बाणासारखी सुटते. म्हणजे वळणाच्या बाहेर. आता आठवा, रस्त्यावरच्या क्लिपमध्ये मोबाईल घेऊन पोरं कुठे उभी असतात? वळणाच्या बाहेरच्या कडेला, कारण तिथून शूटिंग छान येतं. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, चालवणाऱ्याभोवती निदान पत्रा आणि एअरबॅग आहे. बघणाऱ्याकडे फक्त चप्पल आहे.

जागेचा हिशेब तर पाचवीच्या भूमितीचा. स्विफ्टची लांबी सुमारे ३.८५ मीटर, रुंदी १.७३ मीटर. सरळ चालताना साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ती आरामात मावते. तीच गाडी ४५ अंशात आडवी केली की रस्त्याची जवळजवळ ४ मीटर रुंदी अडवते. म्हणजे काहीही न चुकता, अगदी उस्तादाने चालवली तरी आपल्या लेनमध्ये ती मावतच नाही. आणि ताशी ६० च्या वेगात सगळी चाकं घसरायला लागली तर कोरड्या डांबरावर गाडी थांबेपर्यंत साधारण २० मीटर जातात. वेग दुप्पट, तर हे अंतर चौपट. डांबरावर बारीक वाळू असेल किंवा पावसाचं पाणी, तर आणखी जास्त.

ड्रिफ्टची गाडी आतून वेगळीच असते

पहिली अट, ताकद मागच्या चाकांना जायला हवी. पुढच्या चाकांनी वळायचं, मागच्यांनी ढकलत राहायचं, अशी कामाची वाटणी असेल तरच आडवी गाडी पुढे सरकत राहते.

दुसरी गोष्ट डिफरेन्शियल. मागच्या एक्सलवरचा हा गोळा आपल्या मिस्त्रींच्या ओळखीचा. वळताना आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे त्याचं काम. पण त्याची एक खोड आहे. एक चाक हलकं होऊन घसरायला लागलं की सगळी फिरकी त्यालाच मिळते. चिखलात एक चाक जागेवर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, ते याच्यामुळेच. ड्रिफ्टमध्ये आतलं चाक हलकं होणारच. मग धूर एका चाकातून, आणि गाडी आडवी राहत नाही. म्हणून ड्रिफ्टच्या गाडीत मर्यादित घसरण देणारं डिफरेन्शियल बसवतात, किंवा स्वस्तातला उपाय म्हणजे आतले गिअर वेल्डिंग करून दोन्ही चाकं कायमची जोडून टाकतात. अशी गाडी गल्लीत वळवताना टायर चरचर घासते, एक्सलवर ताण येतो. ट्रॅकवरच्या गाडीला ते चालतं. शाळेत पोरं सोडायच्या गाडीला नाही.

मग स्टिअरिंगचा कोन. नेहमीच्या गाडीची पुढची चाकं साधारण ३५ ते ४० अंश वळतात. शेपूट त्यापेक्षा जास्त बाहेर गेली की काउंटर द्यायला कोनच उरत नाही आणि गाडी फिरते. ड्रिफ्टवाले पुढचे आर्म आणि नकल बदलून हा कोन ६० अंशांच्या आसपास नेतात. पुढच्या चाकांचा वरचा भाग आत झुकवतात, तीन ते पाच अंश, जेणेकरून गाडी एका बाजूला कलली आणि चाक पूर्ण वळलेलं असलं तरी टायरचा पट्टा रस्त्यावर सपाट बसावा. मागची चाकं जवळजवळ सरळ ठेवतात, नाहीतर टायरच्या आतल्या कडाच झिजतात. कॅस्टर वाढवतात, स्टिअरिंग आपोआप फिरून येतं असं वर म्हटलं, ते त्याच्यामुळे. सस्पेन्शन कडक. ओढल्यावर अडकून न राहणारा, तेलाच्या दाबावर चालणारा उंच हँडब्रेक.

टायरबद्दल पोरांचा मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, मागे घासलेले गुळगुळीत टायर टाकले की झालं. शिकाऊ ड्रायव्हर मागे कडक, स्वस्त टायर टाकून हवा जास्त ठेवतो हे खरं, कमी वेगात घसरण सुरू व्हावी म्हणून. पण पुढे मात्र चांगलेच टायर लागतात, काउंटर त्यांच्याच भरवशावर असतो. आणि मोठ्या स्पर्धांमध्ये मागेसुद्धा चिकट टायर असतात, कारण तिथे धुराबरोबर वेगही लागतो. एवढंच काय, गाडी आडवी चालते म्हणून समोरच्या रेडिएटरला हवा कमी लागते. काही जण तो उचलून डिकीत बसवतात. आत लोखंडी पिंजरा, खोलगट सीट, खांद्यांवरून येणारे पट्टे, हेल्मेट. एक गाडी बांधायला महिने जातात, आणि ती गाडी स्पर्धेपर्यंत ट्रॉलीवर लादून नेतात.

आता स्विफ्ट. तिची ताकद पुढच्या चाकांना जाते. बलेनो, डिझायर, वॅगन-आर, एर्टिगा, आय-ट्वेंटी, आपल्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक गाड्या अशाच. हँडब्रेक ओढला तर शेपूट बाहेर पडेल, पण दांडा सोडल्यावर मागच्या चाकांना ढकलायला काहीच नाही. एक्सिलरेटर दाबला तर पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. ओढतच राहिलात तर गाडी फिरून उभी राहते किंवा दुभाजकावर जाते. याला घसरणं म्हणतात, फार तर हँडब्रेक टर्न.

चलाख पोरगा पुढचा प्रश्न विचारतो : ‘मग बोलेरो?’ बोलेरो आणि स्कॉर्पिओ आपल्या सातपूरच्या महिंद्रा कारखान्यात तयार झालेल्या गाड्या, आणि ताकद मागच्या चाकांना. कागदावर अट पूर्ण. पण या गाड्या उंच. त्यांचं वजन जमिनीपासून वर असतं. आडव्या सरकणाऱ्या उंच गाडीचा टायर खड्ड्याच्या काठावर, फुटपाथवर किंवा डांबर सोडून मातीत रुतला, की खालचा भाग थांबतो आणि वरचा पुढे जातो. गाडी पलटी होते. थारचंही तेच.

आखातातल्या क्लिप आणि आखातातला कायदा

सौदी क्लिपमध्ये मग कॅमरी आणि सोनाटा कशा सरकतात? त्याही पुढच्या चाकांच्या गाड्या. तिकडे याला ‘तफहीत’ किंवा ‘हजवला’ म्हणतात. मोकळ्या हायवेवर प्रचंड वेग घ्यायचा, आणि हँडब्रेक व स्टिअरिंगच्या झटक्यांनी गाडी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फेकायची. त्या गाड्या इंजिनच्या ताकदीने आडव्या राहत नाहीत, आधीच्या वेगाच्या जोरावर सरकतात. वेग जितका जास्त तितकं सरकणं लांब, आणि म्हणूनच त्यात इतकी माणसं गेली. पास्काल मेनोरे या फ्रेंच अभ्यासकाने रियाधमधल्या या प्रकारावर २०१४ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

क्लिप पाठवणारे मामू तिकडची शिक्षा सांगत नाहीत. सौदी वाहतूक कायद्यात तफहीतला पहिल्या वेळी २०,००० रियाल दंड आणि गाडी १५ दिवस जप्त, दुसऱ्या वेळी ४०,००० रियाल आणि महिनाभर जप्त, तिसऱ्या वेळी ६०,००० रियाल, आणि गाडी कायमची जप्त होऊ शकते. शिवाय तुरुंगाचीही तरतूद. त्याच आखातात हा खेळ कायद्याच्या चौकटीतही खेळला जातो. सर्वात वेगवान ड्रिफ्टचा गिनीज विक्रम २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला झाला. जपानच्या मासातो कावाबाताने निसान जीटी-आर ताशी ३०४.९६ किलोमीटर वेगात आडवी घातली. विमानतळाच्या मोकळ्या धावपट्टीवर.

आपल्याकडचा कायदाही पालकांनी वाचून ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये किंवा दोन्ही. गाडीत बेकायदा बदल केले तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ तर थेट अब्बूंसाठी आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हे पालकाला कोर्टात सिद्ध करावं लागतं. क्लिपखाली अब्बूंचा अंगठा असेल तर ते कसं सिद्ध करणार?

विम्याचंही असंच. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. आणि स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने मृत्यू आला तर वारसांना अपघात भरपाई मिळणार नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला.

ज्याला खरंच शिकायचंय त्याच्यासाठी

सगळीच पोरं स्टंटबाज नसतात. काहींना खरोखर गाडीचं वेड असतं, मुलींनाही. अशा पोरांना नुसतं गप्प बसवणं आम्हाला पटत नाही. नाशिकला मोटारस्पोर्टची स्वतःची ओळख आहे. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘विसा’, ही इथलीच संस्था. राष्ट्रीय रॅली मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर झालेली आहे. मातीवर गाडी घसरवत वळणात घालणं, हँडब्रेकने अरुंद वळण काढणं, फ्लिक मारणं, हे सगळं रॅलीत नियमाने चालतं. फरक इतकाच, की रस्ता आधी बंद केलेला असतो, ड्रायव्हरने तो हळू चालवून वहीत उतरवलेला असतो, शेजारी बसलेला सहचालक प्रत्येक वळण वाचून सांगतो, गाडीची तपासणी झालेली असते आणि ॲम्ब्युलन्स उभी असते. स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची स्पर्धा होते. ती ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतली, पण ‘वेग बघायचाय’ म्हणणाऱ्यांनी एकदा बघून यावं.

लहान वयात सुरुवात करायची तर गो-कार्ट. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. कार्टला डिफरेन्शियल नसतंच, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जोडलेली, म्हणजे वेल्डिंग केलेल्या गाडीसारखी. शेपूट सुटणं, काउंटर देणं हे अंगात तिथे मुरतं, आणि बुड जमिनीपासून बोटभर उंच असतं. तेही परवडत नसेल तर घरातला संगणक. ‘असेटो कोर्सा’सारख्या खेळात चाकांचा झुकाव, डिफरेन्शियल, टायरची हवा, सगळं बदलून बघता येतं. वर लिहिलेली प्रत्येक गोष्ट पोरगा स्वतः तपासून बघू शकतो, आणि गाडी फिरली तर एक बटण दाबून पुन्हा सुरू करतो. अभ्यासाच्या वेळेत मात्र नको.

यातलं एवढं तरी प्रत्येक घरातल्या चालवणाऱ्याला यावं, कारण कसारा घाटात पहिल्या पावसात ड्रिफ्ट कुणी मारत नाही, ती आपोआप होते. रस्त्यावर सांडलेलं तेल, धूळ आणि वरून सर. शेपूट सुटल्यासारखी वाटली तर ब्रेकवर उभं राहू नका. नजर दरीकडे किंवा कठड्याकडे नको, जायचंय त्या रस्त्याकडे ठेवा आणि स्टिअरिंग त्याच दिशेला, हलक्या हाताने. गाडी सावरायला लागली की स्टिअरिंग लगेच सरळ करत आणा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकते. नाक सरळ चाललंय आणि गाडी वळतच नाही असं वाटलं तर स्टिअरिंग आणखी फिरवू नका. एक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पकड परत येते, मग वळा. समोर अडथळाच आला आणि गाडीत एबीएस आहे (एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ते सक्तीचं आहे) तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडू नका, आणि वळवत राहा. आणि निघण्याआधी चारही टायरची हवा आणि नक्षी बघा, स्टेपनीचीसुद्धा.